कड्यावरच्या लाल चिंध्या

१

वाघोबाच्या कड्यावर सगळं जिथल्या तिथं होतं. शेंदूर फासलेला लाकडी वाघोबा होता, त्याच्यावर कोरलेले चंद्र-सूर्य होते, सावली धरणारं ऐनाचं झाड होतं आणि खाली जंगलातून वळसे घेत जाणारी सूर्या नदी होती. फक्त घंटा नव्हती.

जिथं ती टांगलेली असायची, त्या फांदीवर लाल चिंध्यांचा घोसच्या घोस लोंबत होता.

सोजराबाई गुडघ्यांना शिव्या देत सगळ्यांच्या शेवटी वर पोचल्या. बोईसरहून रविवारी रान तुडवायला निघणारी ही मंडळी वर आली की एरवी नुसता गलका असायचा. कार्तिक संपत आला होता. भातं कापून झाली होती, सागाची पानं वाळून पायाखाली पापडासारखी मोडत होती, नदीवरचं धुकं अजून पुरतं उठलं नव्हतं. अशा हवेत माणसानं गप्प बसणं म्हणजे पापच. पण आज सगळे गप्प होते, कारण पाड्याचा भगत सुका वाटेत काठी आडवी धरून उभा होता.

"थांबा. तुमी फुडं यायचं नाय."

"काय झालं, सुकाबाबा?"

"घंटा गेली. रविवारी तुमी आलं, सोमवारी घंटा नाय. इतकी वरसं हाय, कुणी हात लावला नाय देवाला."

त्याच्यामागं त्याची सून सपना मान खाली घालून उभी होती. गेल्या वर्षापासून हीच या मंडळींना कड्याकड्यानं फिरवायची, दुपारी आपल्या अंगणात तांदळाची भाकरी आणि वालाचं कालवण वाढायची. तिला वाटा पाठ, बोलणं गोड आणि कालवण त्याहून गोड. या रविवारांच्या जोरावर यंदा पहिल्यांदाच भात झोडपून झाल्यावर वीटभट्टीवर जायचं नाही असं तिनं आणि तिच्या नवऱ्यानं, विनोदनं ठरवलं होतं. त्यांची चिमी यंदा पहिल्यांदाच दिवाळीनंतरही शाळेत जात होती.

आता मात्र झाडाखाली एक बांधलेलं बोचकं होतं आणि चिमी त्याच्यावर बसली होती.

"भट्टीच्या मुकादमाचा टेम्पो आज फाट्यावर येतो," सपना हळूच म्हणाली. "बाबा म्हनतात, घंटा नाय आली त तुमची वाट बंद. मंग आमी इथं राहून काय करू, आजी?"

"अगं, मग फोन करायचास की गं आठवड्यात!"

"मी नको बोललो," सुका म्हणाला. "फोनवर माणूस कायपन बोलतो. तोंडावर इचारायचं, म्हणून आज थांबलो."

सोजराबाईंनी पदर खोचला. डोळे मात्र त्यांचे बोचक्यावरच होते. "टेम्पो कधी येतो?"

"ऊन डोक्यावर आलं का."

"मग आहे की वेळ," सोजराबाई म्हणाल्या आणि सगळ्यांकडे वळल्या. "कुणी खाली उतरायचं नाही. मला एकेकाशी बोलायचंय."

२

सोजराबाई मूळच्या परभणीकडच्या. मालक गेल्यावर लेकाकडे, कैलासकडे बोईसरला आल्या. तो तिथल्या एका कारखान्यात फिटर. डॉक्टरांनी साखरेसाठी चालायला सांगितलं, तर या थेट डोंगर चढायला लागल्या. पण त्यांची खरी ख्याती वेगळीच. कॉलनीत काही हरवलं की लोक पोलिसांच्या आधी सोजराबाईंकडे यायचे. टाकीवरची मोटर कुणी लांबवली आणि गच्चीतल्या सांडग्यांवर कुणाचा डोळा आहे, हे त्यांनी खुर्चीत बसून सांगितलं होतं.

लेक मात्र आईच्या अगदी उलटा. बोलणं म्हणजे त्याच्या जिवावर यायचं. डोंगरातही सगळ्यांच्या मागं राहून कुणाच्या बुटाची तळी निघाली, कुणाच्या पिशवीचा बंद तुटला, ते गुपचूप नीट करत चालायचा. दिवाळीआधी घरातला पंखा दुरुस्तीला नेला तोही असाच, न सांगता. मोकळ्या हुकाला लोंबणारी चिंधी पाहुण्यांसमोर बरी दिसेना, म्हणून सोजराबाई स्टुलावर चढल्या, तर हा म्हणाला, "राहू दे. ज्यानं बांधलं त्यानंच सोडायचं." महिन्याभरातलं त्याचं ते सगळ्यात लांब भाषण.

आठवडाभर त्याच्या कारखान्यात शटडाउन होतं. सगळी यंत्रं बंद करून दुरुस्तीचं काम चाललेलं, तो रात्रपाळीला. काल संध्याकाळी सोजराबाई धपाट्यांचं पीठ मळत होत्या, तर डबा उचलता उचलता म्हणाला, "माझेपण बांध." अरे, तू कामावर, मी कड्यावर, तुझे कशात बांधू? पण तो गेलेला. जागरणानं डोकं फिरलं असेल म्हणून सोजराबाईंनी आपले दोन जास्तीचे बांधून घेतले.

"तर मेहुलशेठ," दगडावर बैठक मारत त्या म्हणाल्या, "तुम्ही आधी या."

मेहुलशेठचं बोईसरला भांड्यांचं दुकान. गेल्या रविवारी त्यांनी घंटेवर टिचकी मारून "अस्सल कासं आहे, बदल्यात नवी मोठी देतो" असं सुकाला सर्वांदेखत म्हटलं होतं. शिवाय उतरताना त्यांची पाठपिशवी इतकी जड झाली होती की बिचारे दर वळणाला बसत होते.

"काकी, आईशप्पथ, मी घंटा घेतली नाही!"

"मग पिशवीत काय होतं?"

मेहुलशेठचा चेहरा पडला. त्यांनी इकडे तिकडे पाहिलं आणि आवाज अगदी खाली आणला. "कोनफळ. उतारावर एक वेल दिसला, खणला. घरी उंधियोला लागतं ना."

"कुठल्या उतारावर?" मागून विनोदचा आवाज आला. "खालच्या बांधावर? उंबराजवल?"

"...हो."

"माजं कोनफळ व्हतं ते! मी चार रात्री रानडुकराला शिव्या देतोय!"

पहिल्यांदाच कुणीतरी फिस्सकन हसलं. सुकाची काठीसुद्धा जराशी खाली आली. मेहुलशेठ हात जोडून रानडुकराची जागा कबूल करून बसले.

"आता जितेश."

जितेश औषधांच्या कारखान्यात कामाला, आणि सुट्टीच्या दिवशी मोबाइलवर व्हिडिओ काढायला. गेल्या रविवारी घंटा सर्वांत जास्त त्यानंच बडवली होती, आणि सगळे उतरले तरी तो वरच होता.

"आजी, मी वाजवली ती नीट वाजतच नव्हती म्हणून. नुसती थक् थक् करायची. आतला लोलक झिजलाय. सुकाबाबाच म्हणाले होते."

"मी बोललो व्हतो," सुकानं मान हलवली. "देवाचा घसा बसला हाय, असं बोललो."

"बरं. मग मागं राहून काय करत होतास?"

जितेश लाल झाला. "कड्याच्या त्या टोकालाच फक्त रेंज येते. फोनवर बोलत होतो. पाठ होती माझी इकडे."

"कुणाशी?"

"एका मैत्रिणीशी."

"नाव सांग. खरं-खोटं करायला लागेल."

"...किंजल."

मेहुलशेठ ताडकन उठले. "कोण किंजल? माझी किंजल?"

३

त्या दोघांना सोडवण्यात थोडा वेळ गेला. सोजराबाईंनी शेवटी मेहुलशेठना सांगितलं, की ज्यानं परक्याचं कोनफळ खणलं त्यानं लेकीच्या फोनबद्दल आज तरी बोलू नये. ते मुकाट बसले. जितेश मात्र खरं बोलत होता एवढं नक्की. तो त्या फोनमध्ये असताना पाठीमागून वाघोबा स्वतः उठून नदीवर पाणी प्यायला गेला असता, तरी त्याला पत्ता लागला नसता.

मग सोजराबाई झाडाजवळ गेल्या. हात न लावता, मान वर करून बघत राहिल्या. घंटा जाड तारेनं फांदीला बांधलेली असायची. तार कापलेली नव्हती, तोडलेलीही नव्हती. पीळ सोडवून, तिचं छान गोल वेटोळं करून ती फांदीच्या बेचक्यात ठेवलेली होती.

"चोर तार गुंडाळून ठेवत नाही," त्या स्वतःशीच म्हणाल्या.

"काय म्हनलं?" सुकानं विचारलं.

"काही नाही. बाबा, या चिंध्या कसल्या?"

"नवसाच्या. घंटा परत येऊ दे, असा नवस बोलून बांधल्या."

"कुणी कुणी?"

हे विचारताच पाड्याच्या बायका पुढं आल्या. नर्मदानं आपली दाखवली, जुन्या लुगड्याच्या काठाची. तिच्या जावेनं दाखवली. सपनानं आपली दाखवली, सगळ्यांच्या वर, दोन गाठी मारलेली. सुकानंही बांधली होती.

"पहिली कुणाची?"

"माजी नाय," नर्मदा म्हणाली. "मी आली तवा दोन व्हत्या. त्या बघून मी बांधली."

"मंग पयली जिव्याची असंल," सुका म्हणाला.

जिव्या म्हणजे पाड्याची गुरं राखणारा म्हातारा. सोमवारी सकाळी गुरं घेऊन कड्यावर आला, तेव्हा घंटा गेल्याचं त्यानंच पहिल्यांदा पाहिलं होतं. तो घाईघाईनं मान हलवायला लागला.

"माजी नाय! मी आलो तवाच ती लटकत व्हती. मला वाटलं, माज्या आधी कुणीतरी बगून नवस बोलला. म्हणून मीपन डोक्याचा फडका फाडून बांधला न मंग खाली जाऊन वरडलो."

सोजराबाईंच्या अंगावर सर्रकन काटा आला, पण आनंदाचा. कोडं सुटायला लागलं की त्यांना असंच व्हायचं.

"म्हणजे बघा," त्या सावकाश म्हणाल्या. "घंटा गेल्याचं गावात कुणालाच ठाऊक नव्हतं, आणि ती परत यावी म्हणून चिंधी मात्र आधीच बांधलेली होती. असा नवस कोण बोलेल?"

सपना दबक्या आवाजात म्हणाली, "ज्यानी घंटा नेली, तोच."

४

सगळ्या चिंध्यांच्या मुळाशी, अगदी फांदीला चिकटून ती होती. सोजराबाईंनी हात वर केला, तोच सुका ओरडला.

"हात नको लावू, बाय! नवसाची चिंधी हाय. ज्यानं बांधली त्यानंच सोडायची!"

सोजराबाईंचा हात हवेतच राहिला.

हे शब्द त्यांनी ऐकले होते. स्टुलावर उभं राहून, असाच हात वर केलेला असताना. त्यांनी चवड्यांवर उभं राहून नाक त्या चिंधीजवळ नेलं. शेंदूर नव्हता, धूप नव्हता. वास होता यंत्राच्या ग्रीसचा. बोईसरला आल्यापासून रोज संध्याकाळी बादलीत गरम पाणी घेऊन ज्या वासाशी त्या झगडत होत्या, तोच.

त्या मटकन दगडावर बसल्या. गावभर चोर शोधले आणि आज हे! काखेत कळसा आणि गावाला वळसा.

आता काय करावं? आपलेच दात आणि आपलेच ओठ. चार माणसांत लेकाला चोर म्हणायचं? गप्प बसलं तर कुणाला कळणार नव्हतं. घंटा तो कधीतरी गुपचूप आणून लावलीच असती. पण बोचक्यावर बसलेली चिमी काडीनं मातीत अक्षरं काढत होती, आणि खाली कुठंतरी लांबवर टेम्पोचा हॉर्न वाजला. विनोद उठून बोचक्याकडे गेला.

"थांब रे विनोद," सोजराबाई उठून उभ्या राहिल्या. "सुकाबाबा, घंटा कुणी नेली ते सांगते. माझ्या कैलासनं नेली."

बायकांनी तोंडाला पदर लावले. मेहुलशेठनी आपलं कोनफळ पार विसरून "अरेरे" केलं.

"ऐका तर पुरतं. गेल्या रविवारी तुम्ही म्हणालात, देवाचा घसा बसलाय. बसलेला घसा बघून माझ्या लेकाला झोप येत नाही. जितेश फोनवर होता, बाकी सगळे उतरत होते, आणि हा नेहमीसारखा मागं. त्यानं तार सोडवली, परत बांधायला लागेल म्हणून गुंडाळून ठेवली, आणि घंटा हत्याराच्या पिशवीत घातली. कारखान्यात त्यांची रीतच आहे. दुरुस्तीला काही काढून नेलं की त्या जागी लाल फडकं बांधायचं, म्हणजे बघणाऱ्याला कळतं की वस्तू हरवली नाही, दुरुस्तीला गेलीय. आमच्या घरातसुद्धा पंख्याच्या हुकाला त्यानं तेच बांधलंय. त्याला वाटलं, लाल चिंधी बांधली म्हणजे सांगून झालं. तुम्हाला वाटलं, नवस आहे."

"आन तो आठ दिस का नाय आला?" सुकानं विचारलं.

"कारखान्याचं काम होतं, रात्रंदिवस. आज सकाळी संपलं असणार. आणि काल मला म्हणाला, माझेपण धपाटे बांध. तेव्हा मला कळलं नाही. आता कळलं. तो घरी नाही, इथं जेवणार आहे. घंटा घेऊन येतोय तो, बाबा."

जितेशनं टोकाला जाऊन कैलासला फोन लावला. बंद. पुन्हा लावला. बंद.

"पळाला असेल तर?" कुणीतरी पुटपुटलं.

सोजराबाईंनी पायातल्या चपला काढल्या आणि वाघोबासमोर ठेवल्या. "ऊन डोक्यावर आलं आणि घंटा आली नाही, तर मी अनवाणी ही वाट उतरेन आणि पुन्हा इथं तोंड दाखवणार नाही. तोवर सपना इथून हलणार नाही."

सुकानं त्या चपलांकडे पाहिलं. मग त्यानं काठी बाजूला ठेवली आणि झाडाच्या बुंध्याशी बसला.

५

झाडाची सावली आखडत आखडत बुंध्याशी आली. सोजराबाईंच्या मनात नाही नाही ते येत होतं. लेकाला झोप लागली असेल तर? जीप मिळाली नसेल तर? आपण म्हातारपणी फार शहाणपणा केला की काय? उचलली जीभ आणि लावली टाळ्याला!

खालून हॉर्न वाजला. आता जवळून, आणि घाईचा. विनोदनं सपनाकडे पाहिलं. सपनानं चिमीला बोचक्यावरून उठवलं, चिमीनं काडी टाकली.

आणि तेवढ्यात खालच्या सागातून एक आवाज आला.

टण्ण.

स्वच्छ, लांब, नदीच्या पल्याडच्या कड्यावर आपटून परत येणारा. पुढच्या वळणाला पुन्हा, टण्ण. सुका झाडाला धरून उठला. त्याचे डोळे भरून आले होते.

"मी पोर व्हतो तवा ती अशी वाजायची," तो म्हणाला. "अशीच वाजायची."

कैलास वर आला तो कारखान्याच्या निळ्या कपड्यांत, डोळे जागरणानं तांबारलेले, हातात लखलखीत घंटा. एवढी माणसं आपल्याकडे अशी का बघतात, ते त्याला कळेना.

"लोलक नवा बसवला," तो म्हणाला. "वळणावळणाला वाजवून बघत आलो. ठीक आहे आता."

"ठीक आहे?" सोजराबाईंचा राग एकदमच बाहेर आला. "अरे मेल्या, इथं वाट बंद व्हायची वेळ आली! विचारायला काय झालं होतं? आणि फोन कुठंय तुझा?"

"गेटवर जमा होता. घ्यायचा राहिला." मग त्यानं फांदीकडे बोट केलं. "खूण बांधली होती की." आणि बोट तसंच धरून तो त्या घोसाकडे बघत राहिला. "या बाकीच्या कुणी बांधल्या? अजून काय काय दुरुस्तीला गेलंय?"

आधी नर्मदा हसली. मग विनोद, मग जितेश, मग मेहुलशेठ पोट धरून, आणि शेवटी सुका असा हसला की त्याला खोकला लागला. कैलास बिचारा गोंधळून आईकडे बघत होता.

"बाळा," सोजराबाईंनी त्याच्या पाठीवर धपाटा घातला, अगदी प्रेमानं, "यंत्राला विचारावं लागत नाही. देवाला विचारावं लागतं. आणि देवाच्या माणसांना त्याच्याही आधी."

कैलास सुकाच्या पाया पडला. सुकानं त्याला उठवलं. "देवाचा घसा उघडला तू. पर पुढच्या वेळी चिंधी नको बांधू. हाक मार."

तार त्या बेचक्यातूनच काढली, घंटा टांगली आणि मग चिंध्या सोडायला सुरुवात झाली. जिव्यानं आपला फडका सोडला, नर्मदानं काठ सोडला, सुकानं आपली सोडली. ज्यानं बांधली त्यानंच. सर्वांत शेवटी मुळाशी राहिलेली ग्रीसची चिंधी कैलासनं सोडली आणि घडी करून खिशात ठेवली.

तरी वर एक चिंधी राहिलीच होती, दोन गाठींची.

"सपना, तुझी राहिली की गं," सोजराबाई म्हणाल्या. "घंटा तर आली."

सपना हलली नाही. "माजा नवस घंटेचा नव्हता, आजी."

खाली हॉर्न वाजला, एकदा, दोनदा. विनोद कड्याच्या टोकाशी गेला आणि दोन्ही हात वर करून जोरानं हलवले, नाही, नाही. टेम्पोचं इंजिन घरघरलं. तो फाट्यावरून वळला, झाडीत शिरला, दिसेनासा झाला. सपना ऐकत उभी होती. आवाज पुलाच्या पलीकडे गेला, बारीक झाला, मग राहिली ती फक्त नदी.

तेव्हा तिनं हात वर करून दोन्ही गाठी सोडल्या.

सोजराबाईंनी डोळे पुसले, चपला पायात घातल्या आणि धपाट्यांचा डबा उघडला. कैलासच्या वाटचे दोन त्यांनी वेगळे काढून ठेवले. सपनानं चिमीला जवळ ओढलं, तिची सुटलेली वेणी घट्ट घातली आणि टोकाला ती लाल चिंधी बांधून फूल काढलं. उद्या सोमवार होता, शाळेचा.